पंधरावीची अट

रोहा, १८ जून

प्रतिक्षा,

साखरपुडा झालेल्या मुलीला पोस्टानं पत्र लिहिणारा रोह्यात मी बहुतेक एकटाच असेन. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कोर्टाचं काम हाय का?" मी म्हटलं, "नाय, लग्नाचं." त्या हसल्या आणि पाकीट शोधायला आत गेल्या.

तू म्हणालीस, डोळे आखायचं काम सुरू झालं की गणपती बसेपर्यंत मी फोन हातात घेत नाही. तेव्हा मला वाटलं, ही मला टाळतेय. मग तुझ्या बाबांनी सांगितलं की मागच्या साली फोन थरथरला आणि तुझा ब्रश गणपतीच्या डोळ्यातून निघाला तो कानाला लागला. तेव्हापासून या दिवसांत तुझा फोन तांदळाच्या डब्यात असतो म्हणे. आमच्या कंपनीतही फोन गेटवर जमा करतात, म्हणजे तसं आपलं जमलंच.

माझं काय सांगू? धाटावला एका कंपनीत पावडरच्या गोण्या भरतो, कंत्राटावर. माझ्या शेजारी जितेश उभा असतो. तो दहावीनंतर थेट कामाला लागला, म्हणून आज माझ्यापेक्षा सीनियर. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं, म्हणून तो मला "साहेब, गोणी धरा" म्हणतो. पाच वर्षं घासून मिळवलं ते एवढंच. आईनं डिग्री फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलीय. पाहुणे आले की आधी ती दाखवते, मग चहाचं बघते.

तुला पाहायला आलो त्या दिवशीचंही मला राहून राहून आठवतं. तुमच्या स्वयंपाकघरात गेलेली आई बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगी पसंत हाय. पण पंधरावी पूर्ण केली पाहिजे." घरून निघताना असं काही बोलली नव्हती. मला तर लाज वाटली. आता ती आळीत सांगत फिरते, सून पंधरावी होऊन येणार.

सकाळी पेणला कॉलेज, दुपारी आखणी. हे तू कसं करतेस? खरं खरं लिही.

हितेश

*

जोहे, २५ जून

श्री. हितेश यांस,

पत्र पोस्टमन प्रविणदादानं घरी न देता गणपतीच्या कारखान्यात आणून दिलं, सगळ्यांसमोर. बाबांनी हात पुसून पाकीट घेतलं, मागचं नाव वाचलं आणि न फोडता माझ्याकडे दिलं. मग दिवसभर मला कोणी सुखानं काम करू दिलं नाही.

तुम्ही खरं लिही म्हणालात म्हणून लिहिते. सकाळच्या बसनं पेणला जाते, दुपारी येते, जेवते आणि आखणीला बसते. आधी पांढरा भरायचा, मग वरची पापणी, मग बुबुळ. बुबुळ पापणीखाली थोडं झाकलं गेलं की नजर शांत येते. सगळं उघडं राहिलं तर गणपती डोळे वटारतो. आमच्या कारखान्यात हे काम माझ्याकडेच आहे. बाबांचा हात आता जड झालाय, ते साचे आणि रंग बघतात.

कॉलेजमुळे काम मागे पडतं, हे मला दिसतं. फळ्यांवर बिनडोळ्यांचे गणपती ओळीनं बसलेत. बाबा नुसते त्या ओळींकडे बघून पुढे जातात. कधी कधी वाटतं, सगळं सोडून दोन दिवस नुसतं झोपावं.

पण परवा एक गंमत झाली. अर्थशास्त्राच्या सरांनी मिठागरांवर शिकवलं, आपल्याच खाडीकडच्या. माझा आजा मिठागरात राबलेला. तो थकला म्हणून मिठागर सुटलं असंच मी लहानपणापासून धरून चालले होते. सर म्हणाले, बाहेरचं मीठ स्वस्त पडायला लागलं तसे इकडचे लोक एकेक करून कंपन्यांकडे गेले. म्हणजे आजा एकटा नव्हता. मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला आणि बोलले. काय बोलले ते भेटल्यावर सांगेन.

आईंना नमस्कार.

प्रतिक्षा

*

रोहा, ६ जुलै

प्रतिक्षा,

आता आनंदाची बातमी वाच. तुझं ते झोपेचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शिफ्टमध्ये गोणी शिवतानाही तेच. शेवटी आईसमोर जाऊन बसलो. ती भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "आई, तुझ्या एका अटीपायी ती पोरगी मरमर मरतेय. आणि पंधरावी होऊन मिळतं काय? मी झालो ना, मी काय दिवे लावले?"

आईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग ताट वाढताना म्हणाली, "तुला वाटतं तसं कर. पण आधी तिला विचार." मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय.

लगेच तुझ्या बाबांना फोन लावला. म्हटलं, आमच्याकडून शिक्षणाची अट नाही, प्रतिक्षाला दमवू नका. ते म्हणाले, "जावईबापू, लय मोठं काम केलंत." एवढा मोकळा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मलाही छाती फुगल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

तर आता सकाळची बस नाही, वही नाही, परीक्षा नाही. मनासारखे डोळे आख आणि पोटभर झोप. आणि ते "श्री." आणि "तुम्ही" बंद कर. मला सासऱ्याच्या वयाचं झाल्यासारखं वाटतं.

तुझा हितेश

*

जोहे, १० जुलै

श्री. हितेश यांस,

पत्र मिळालं. बाबा खूश आहेत. त्यांनी कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले. वर्गात बसत होते तरी तिसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायचा राहिला होता, तो आता घ्यायचा नाही असं ठरलं. मी दिवसभर आखणीला बसते. पाऊस बरा आहे. तुम्ही म्हणालात तशी झोप मिळते.

आईंना नमस्कार.

प्रतिक्षा

*

रोहा, १५ जुलै

प्रतिक्षा,

एवढंसं पत्र बघून कळलं की काम जोरात चाललंय. पेढ्यांचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे मामा नोव्हेंबरचा हॉल बघून आलाय, तुळशीचं लग्न झालं की लगेचची तारीख. मला शेरवानीचा रंग विचारतात. मी म्हटलं, रंगातलं तिला जास्त कळतं. तर कळव.

आईनं तुझं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. दाखवलं. ती म्हणाली, "ही खूश नाय."

मी म्हटलं, "आई, त्यात चक्क लिहिलंय, खूश आहेत."

"बाबा खूश आहेत, असं लिहिलंय," आई म्हणाली आणि पाणी भरायला उठली.

आता हिला काय सांगावं? म्हातारी झाली की माणसं प्रत्येक शब्दात काहीतरी शोधत बसतात. तू मनावर घेऊ नकोस. रंग तेवढा कळव.

तुझा हितेश

*

जोहे, २१ जुलै

हितेश,

तुझ्या आईला माझं पत्र ऐकून कळलं. तुला वाचून कळलं नाही. रंगाचं नंतर बघू, आधी हे वाच.

ती अट तुझ्या आईची नव्हती. माझी होती.

मे महिन्यात बाबांनी सांगितलं, चौदावी झाली, आता बस. माझ्या मोठ्या बहिणीला, नमिताताईला, बारावीनंतर असंच सांगितलं होतं आणि ती एक शब्द न बोलता बसली होती. मीही बसले. मग तुम्ही लोक पाहायला आलात. तुझी आई चहाचे कप घेऊन आत आली तेव्हा आत मी एकटीच होते. मी तिला म्हटलं, "काकी, तुमचा मुलगा मला पसंत हाय का नाय ते मला अजून कळलं नाय. पण एक मागते. पंधरावीची अट तुम्ही घाला. बाबा माझं नाय ऐकणार, सासरचं ऐकतील."

तिनं माझ्याकडे बघितलं. विचारलं, "हे कोणाला सांगायचं नाय ना?" मी म्हटलं, नाय, तुमच्या मुलालाही नाय. तिनं कप ठेवले, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन बोलली. हितेश, त्याच घटकेला मी ठरवलं की या घरात जायचं. तुझ्याकडे तर मी तोवर नीट बघितलंही नव्हतं.

म्हणून ती दोन दिवस गप्प होती. तिनं मला दिलेला शब्द पाळला. तू मात्र माझ्या आडोशाची ताटी उचलून बाजूला ठेवलीस आणि वर मलाच सांगतोस, बघ कसं मोकळं झालं.

मी दमते असं लिहिलं होतं. नको असं कुठं लिहिलं होतं? गणपती आखूनही मी दमते. ते सोड असं मला कोणी सांगत नाही.

आता मी दिवसभर आखते आणि तेही धड होत नाही. कल्याणच्या व्यापाऱ्यानं पूर्ण टेंपो परत पाठवला. त्याचं म्हणणं, यंदाचे गणपती रुसलेत, असे डोळे बघून घरातली पोरं घाबरतील. बाबांनी एकेक मूर्ती उजेडात धरून बघितली. सगळ्यांची बुबुळं उघडी. मी मुद्दाम केलं नव्हतं. हातानं आपसूक केलं. पुन्हा पांढरा भरून सगळे डोळे नव्यानं आखायचे आहेत. पूर्वी कॉलेजहून दमून येऊन बसायचे तेव्हा एकही गणपती असा परत आला नाही.

प्रवेशाची शेवटची तारीख ३१ आहे.

डिग्रीनं तुला काय दिलं नाही ते तू मला पानभर लिहिलंस. कॉलेजात तुझा एकही दिवस असा गेला नाही का, की घरी जाऊन कोणाला तरी सांगावंसं वाटलं? तसा खरंच एकही नसेल तर तुला माझं कधी कळणार नाही, आणि मग मला या लग्नाचा पुन्हा विचार करावा लागेल. हे मी रागात लिहितेय, पण खोटं लिहीत नाही.

प्रतिक्षा

*

रोहा, २४ जुलै

प्रतिक्षा,

पत्र आलं तेव्हा मी सेकंड शिफ्टला निघत होतो. दारातच वाचलं आणि शिफ्टला गेलो नाही. आईसमोर जाऊन नुसता उभा राहिलो. तिनं विचारलं, "सांगितलं तिनं?" मी मान हलवली. मग ती मला जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. माझं चुकलं. मी तुझ्या पत्रातलं मला पाहिजे तेवढं वाचलं. मिठागराचं तू एवढं हौसेनं लिहिलं होतंस, त्यावर मी एक ओळ लिहिली नाही. आता जुनं पत्र काढून बघितलं तेव्हा दिसलं.

तू विचारलंस, एक तरी दिवस होता का. होता. मी विसरलो होतो, किंवा गोण्या शिवता शिवता मुद्दाम विसरलो असेन. पहिल्या वर्षाला लॅबमध्ये काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायला लावायचे. खालच्या चंबूत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी असतं. कितीतरी वेळ काही होत नाही आणि एका थेंबाला सगळं गुलाबी होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी धावत घरी आलो आणि आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हळदीत चुना पडला की लाल होते, तसंच ना?" मी म्हटलं, व्हय, तसंच. मग आम्ही दोघांनी वाटीत हळद घेऊन चुना टाकून बघितला, कितीतरी वाट्या खराब केल्या. त्या दिवशी माझ्या अभ्यासातलं काहीतरी आईला आणि मला मिळून बोलता आलं. तेवढ्यासाठी पाच वर्षं घालवावीत का, मला माहीत नाही. कंपनीत तर तो गुलाबी रंग कोणी विचारत नाही. पण तो दिवस माझा फुकट गेला असं मी म्हणणार नाही.

आता ऐक. रविवारी मी आणि आई जोह्याला येतो. आई तुझ्या बाबांसमोर अट पुन्हा घालेल. मी म्हणेन, माझंच डोकं फिरलं होतं, मला बायको पंधरावी झालेलीच पाहिजे. ते चिडतील. काल एक, आज एक, असली माणसं म्हणून सोयरीक मोडतील अशीही भीती मला वाटते. तरी मी येतो. कान धरून उभं राहायची तयारी आहे.

आणि एक. रागात का होईना, तू मला पहिल्यांदा "तू" म्हणालीस.

हितेश

*

जोहे, ३१ जुलै

हितेश,

बरं झालं तुम्ही दोघं रविवारी आला नाहीत. तुझं पत्र शनिवारी मिळाल्या मिळाल्या मी तांदळाच्या डब्यातून फोन काढून तुझ्या आईला "येऊ नका" एवढंच सांगितलं, ते तिनं तुला सांगितलं असेलच. कारण सांगायला मला धीर नव्हता. आता सांगते.

मला पुन्हा अट नको होती. तुझ्या आईच्या पदराआड एकदा उभी राहिले, तेवढं पुरे. आज ती आहे, उद्या आणखी कोणाला शोधायचं? पण बाबांसमोर बोलायला गेले की मी नुसता रंग मागून परत यायचे. शनिवार, रविवार आणि पुढचे दोन दिवस असेच गेले. नुसते डोळे आखत बसले.

काल बाबा परत आलेल्या मूर्तींना पांढरा भरून माझ्यासमोर ठेवत होते. मी ब्रश पाण्यात घातला आणि म्हटलं, "बाबा, मला पंधरावी करायचीय."

ते म्हणाले, "आता कशाला? जावयानं सोडवलं ना तुला."

"मला सोडवून नको होतं. ती अट मीच त्यांच्या आईला घालायला सांगितली होती."

बाबांच्या हातात मूर्ती होती. ती त्यांनी हळू फळीवर ठेवली आणि पाटावर बसले. मग विचारलं, "पंधरावी करून काय मिळणार गो तुला?"

मी खूप उत्तरं तयार करून ठेवली होती. नोकरी, मान, शाळेत शिक्षिका. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "माहीत नाय. मला तिथं बसायला आवडतं." आणि मला रडू आलं. मग आज्याच्या मिठागराचं सांगितलं, सर काय म्हणाले आणि मी वर्गात काय बोलले ते. मी वर्गात एवढंच सांगितलं होतं, की माझा आजा शेवटपर्यंत जेवताना मीठ चाखून सांगायचा, हे आपल्याकडचं नाय. बाबा म्हणाले, "हे तू वर्गात सांगितलंस? माझ्या बाचं?" आणि मान खाली घालून बसले.

मग ते जे बोलले ते मी कधी विसरणार नाही. म्हणाले, "मला वाटलं, सासू जबरदस्तीनं शिकवतेय. तू रोज सकाळी अर्धवट झोपेत बसला जायचीस ते मला बघवायचं नाय. सोयरीक चांगली म्हणून गप्प होतो. जावयाचा फोन आला तेव्हा वाटलं, सुटली माझी पोर. म्हणून पेढे वाटले." थोड्या वेळानं म्हणाले, "तुला आवडतं, हे एकदा तरी तोंडानं बोलायचंस. मे महिन्यात बोलली असतीस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

खाल्लं असतं, थोडं तरी. तुला म्हणून सांगते. पण कदाचित मी समजत होते तेवढं नाही.

आज सकाळी त्यांनी स्वतः गाडीवर बसवून पेणला नेलं, रंगाचे डाग असलेल्या शर्टातच. प्रवेश झाला. क्लार्कनं विचारलं, एवढ्या उशिरा का? बाबा म्हणाले, "आमच्या घरात बोलायला उशीर होतो."

कल्याणच्या व्यापाऱ्याला त्यांनी कळवलं की यंदा अर्धाच माल मिळेल. त्याला राग आलाय, पुढच्या साली तो दुसरीकडे जाईल बहुतेक. हे माझ्यामुळे झालं आणि मला ते टोचतं. बाबा आता सकाळी पांढरा भरून ठेवतात, मी दुपारी येऊन नजर देते. आज आखलेला पहिला गणपती त्यांनी उजेडात धरला आणि ओळीत ठेवला.

आता माझी अट. या वेळी माझी, माझ्या नावानं. लग्न नोव्हेंबरमध्ये नको, माझी शेवटची परीक्षा झाल्यावर, मे महिन्यात. बाबांना सांगितलंय. तुला चालत नसेल तर तसं लिही. मला वाईट वाटेल, फार वाटेल, पण पेपर मी देणार.

शेरवानी लाल घेऊ नकोस. हळदीत चुना घातल्यावर येतो तो रंग तुला शोभणार नाही.

प्रतिक्षा

*

रोहा, ४ ऑगस्ट

प्रतिक्षा,

पत्र आईला वाचून दाखवलं. या वेळी एकही ओळ गाळली नाही आणि मधे कुठे माझं डोकं चालवलं नाही.

मामा समोरच बसला होता. अटीचं ऐकून म्हणाला, "मुलीकडून अट? नोव्हेंबरचा हॉल सांगून आलोय मी. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "हॉलवाल्याला मे महिना सांग. मला चालतं." खरं सांगू, चालत नाही. मे फार लांब आहे. पण तू पेपर देऊन आलेली मला पाहिजेस, माझ्यामुळे घरी बसलेली नको. मी ते मामाला जरा मोठ्यानंच सांगितलं.

तुझ्या बाबांना फोन केला. माफी मागणार होतो, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, "जावईबापू, आता यापुढे तिला काय हवंय ते आधी तिलाच विचारायचं, मग मला फोन करायचा. मीपण तेच शिकतोय." फोन ठेवताना म्हणाले, तुमच्या घरचा गणपती प्रतिक्षा स्वतः निवडून ठेवणार आहे.

आई सगळं ऐकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मला वाटलं, तिलाही मे लांब वाटतोय. मग तिनं विचारलं, "पहिल्या अटीच्या वेळेला तिनं सांगितलं होतं, कोणाला बोलायचं नाय. या वेळी तसं काय लिहिलंय का? नीट बघ."

मी पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हटलं, "नाय. उलट लिहिलंय, माझी, माझ्या नावानं."

"मग झालं तर," आई म्हणाली. पदर खोचला, चपला घातल्या आणि आळीत गेली. सून स्वतः अट घालते, हे मे महिन्यापासून पोटात दाबून ठेवलंय तिनं. आता ती तिसऱ्या घरी पोचलीय, आणि हाका येतायत की हितेश, तिनं लिहिलेलं ते पत्र घेऊन ये. म्हणून हे इथंच थांबवतो.

तुझा हितेश